धामणाच्या धनुष्याचा ताण कमी करणे : प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

धामणाचे हे धनुष्य मी स्वतःच्या मापाने घडवले होते आणि २८ इंच खेचीवर, म्हणजे दोरी तेवढी मागे ओढल्यावर, त्याचा ताण (ओढायला लागणारा जोर) ५० पाउंड आहे. आता ते भाचीला द्यायचे असल्याने २६ इंच खेचीवर ३४ पाउंड हे उद्दिष्ट ठरवले आहे. भाची इंडियन राउंडचा, म्हणजे ५० आणि ३० मीटरवरून भारतीय धनुष्याने खेळल्या जाणाऱ्या प्रकाराचा, नियमित सराव करते. स्पर्धेसाठी तिचे बांबूचे धनुष्य वेगळे आहे. हे तिला घरच्या सरावासाठी हवे आहे. आज गच्चीवर तिने ते खेचून पाहिले, तेव्हा डावा खांदा कानाकडे चढला, उजवा कोपर खाली आला आणि दोरी हनुवटीच्या दोन बोटे अलीकडेच थांबली. “मामा, बाण सोडायच्या आधीच हात थरथरतो,” असे ती म्हणाली. झेपत नसलेल्या धनुष्यावर अशा सवयी फार लवकर जडतात आणि पुढे हलके धनुष्य हाती आले तरी त्या सहजासहजी जात नाहीत, म्हणून ‘थोडे दिवस असेच वापरून बघ’ हा सल्ला मी तिला दिला नाही.

ताण मोजण्यासाठी भिंतीवरच्या खुंटीवर धनुष्याची मूठ टेकवली, दोरीला डिजिटल लटकता काटा अडकवला आणि काट्याला बांधलेला दोर खालच्या कप्पीतून घेऊन बाजूला उभे राहून ओढला. समोर उभे राहू नये, कारण धनुष्य मोडले तर तुकडे नेमके त्याच दिशेने येतात. काटा किलोग्रॅम दाखवतो, त्याला २.२ ने गुणले की पाउंड मिळतात. खेच मोजताना मुठीच्या आतल्या बाजूच्या सर्वांत खोल बिंदूपासून दोरीपर्यंतचे अंतर घेऊन त्यात पावणेदोन इंच मिळवण्याची प्रमाण पद्धत पाळली; म्हणजे २६ इंचांची खेच माझ्या भिंतीवरील खुणेत सव्वाचोवीस इंचांवर येते. २८ इंचांवर २२.७ किलो आणि २६ इंचांवर २०.४ किलो, म्हणजे ४५ पाउंड भरले. याचा अर्थ खेच दोन इंचांनी कमी असल्यामुळेच पाच पाउंड आपोआप उतरले आहेत. लाकडातून काढायचा ताण ११ पाउंड आहे, १६ नव्हे. हा हिशेब आधी न मांडता कानस हाती घेणारा माणूस धनुष्य हमखास गरजेपेक्षा हलके करून बसेल.

११ नोव्हेंबर, सोमवार

खोलीतील आर्द्रता आर्द्रतामापकावर ४० टक्क्यांच्या आसपास आहे. यापुढे ताणाच्या प्रत्येक आकड्याशेजारी आर्द्रतेचा आकडा लिहिणार आहे, कारण लाकडाने ओलावा धरला की ते मऊ पडते आणि ताण उतरतो. नागपुरात मे आणि ऑगस्ट या दोन महिन्यांच्या हवेत जेवढे अंतर आहे, तेवढे पाहता आकडा कोणत्या हवेत घेतला हे नोंदवल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज लाकडाला हात लावला नाही. ताण नेमका कुठून काढायचा, एवढेच ठरवले.

धनुष्याची लांबी दोरी अडकवायच्या एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत ६६ इंच आहे. मुठीच्या उताराशी, म्हणजे मूठ जिथे संपते तिथे, भुजांची (मुठीच्या वरच्या आणि खालच्या वाकणाऱ्या भागांची) रुंदी ४५ मिलिमीटर असून टोकांशी ती १४ मिलिमीटरपर्यंत निमुळती होते. दोन्ही भुजांवर मुठीपासून टोकापर्यंत दर दोन इंचांवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेवर व्हर्नियर कॅलिपरने जाडी मोजून वहीत लिहिली. भुजेच्या मध्यावर ती १४ मिलिमीटरच्या आसपास आहे, टोकांकडे १० मिलिमीटर.

भुजेचा ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात बदलतो, परंतु जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. रुंदी दहा टक्क्यांनी कमी केली तर ताण साधारण दहा टक्क्यांनीच उतरेल. जाडी दहा टक्क्यांनी कमी केली तर तो सत्तावीस टक्क्यांनी उतरेल. मला ४५ वरून ३४ वर, म्हणजे सुमारे चोवीस टक्के खाली यायचे आहे. त्यासाठी जाडी केवळ नऊ टक्क्यांनी कमी करावी लागेल. चौदा मिलिमीटरच्या जागी हे सव्वा मिलिमीटर होते आणि टोकांकडे एक मिलिमीटरही भरत नाही. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवला आहे, कारण अकरा पाउंड हा शब्द कानाला मोठा वाटतो आणि हात त्याच मापाने चालू लागतो.

जाडी निवडण्याचे दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. भुजा वाकते तेव्हा तिची पाठ, म्हणजे नेमबाजापासून दूरची बाजू, ताणली जाते आणि पोट, म्हणजे नेमबाजाकडची बाजू, दाबले जाते. बाक तोच राहिला तर हे ताणणे आणि दाबले जाणे जाडीच्या प्रमाणात असते. त्यामुळे भुजा पातळ केली की त्याच खेचीला प्रत्येक तंतूचे कष्ट कमी होतात. रुंदी कमी केली तर ताण उतरतो, पण उरलेल्या लाकडाचे कष्ट पूर्वीइतकेच राहतात. पातळ केलेले धनुष्य नाजूक होते ही समजूत सर्रास ऐकू येते, परंतु वाकण्याचा आकार सारखा ठेवला तर ते उलट अधिक टिकाऊ होते.

लाकूड फक्त पोटाच्या बाजूने काढायचे आहे. पाठीवर वाढीचे एकच वलय मुठीपासून टोकापर्यंत अखंड राखलेले आहे आणि त्याला कानस लागली की तंतू तुटून तिथूनच कपची उठते. दोरी लांब करून ताण कमी करण्याचा उपाय काही जण सुचवतात. त्याने दोरी आणि मूठ यांमधील अंतर कमी होते, पूर्ण खेचीवरच्या ताणात फारसा फरक पडत नाही आणि दोरी मनगटावर आपटू लागते.

शेवटी दोन्ही भुजांची तुलना केली. दोरी चढवून मुठीच्या उतारापाशी भुजेपासून दोरीपर्यंतचे अंतर मोजले : वरची भुजा १६३ मिलिमीटर, खालची १६५. तर्जनी बाणाच्या वर आणि दोन बोटे खाली ठेवून खेचणाऱ्यासाठी खालची भुजा किंचित ताठ असावी लागते, म्हणजे वरच्या भुजेचे अंतर तीन ते सहा मिलिमीटरने जास्त यायला हवे. इथे ते उलट आहे. खालची भुजा अधिक वाकते आहे. हे कळले आणि सगळी योजना जागेवर बसली. अकरा पाउंडांपैकी मोठा वाटा वरच्या भुजेतून काढायचा आणि ताण उतरवता उतरवता तोलही दुरुस्त करायचा. दोन्ही भुजांतून सारखे लाकूड काढले असते तर आकडा ३४ आला असता, पण तोलाचा दोष जसाच्या तसा राहिला असता.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी होती. सकाळी मतदान करून आलो आणि दिवसभर काम केले.

वरच्या भुजेच्या संपूर्ण पोटावर पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघा मारल्या आणि अर्धगोल कानशीने त्या सर्व रेघा पुसल्या जाईपर्यंतच लाकूड काढले. एकदा रेघा पुसल्या गेल्या की तिथे थांबायचे, पुन्हा रेघा मारायच्या आणि दुसरा हात फिरवायचा. या पद्धतीमुळे एखाद्या जागी जास्त आणि दुसरीकडे कमी असे होत नाही. वरच्या भुजेवर असे दोन हात दिले, खालच्या भुजेवर एकच. धामणाचे लाकूड चिवट असते, म्हणूनच आपल्याकडे कुऱ्हाडीच्या दांड्यांसाठी ते पसंत करतात. कानस नवी असेल तर ते स्वच्छ निघते, बोथट असेल तर नुसते चकाकते.

प्रत्येक हातानंतर दोरी चढवून भुजा अर्ध्या खेचीपर्यंत वीस-तीस वेळा सावकाश वाकवली आणि मगच काट्यावर घेतली. ही पायरी गाळता येत नाही. लाकूड काढल्याचा परिणाम भुजेत लगेच दिसत नाही, ती काही वेळा वाकल्यावरच नवा आकार घेते. त्याआधी मोजलेला आकडा जास्त येतो आणि माणूस पुन्हा कानस उचलतो. संध्याकाळी २६ इंचांवर १८.६ किलो, म्हणजे ४१ पाउंड. आर्द्रता ३८ टक्के.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज कानस बाजूला ठेवली आणि स्क्रेपर, म्हणजे लाकूड खरवडायची पोलादी पट्टी, घेतला. त्याची धार नीट वळवलेली असेल तर निघणारा पापुद्रा कांद्याच्या सालीइतका पातळ असतो आणि हात किती चालला याचा अंदाज बोटांना येत राहतो. धार गेली की पापुद्र्याऐवजी भुसा पडू लागतो. तेवढी खूण पुरेशी आहे, धार लावायला उठावे.

वरच्या भुजेचा बाक डोळ्यांना बरा दिसत होता, तरीही तो तपासण्यासाठी एक साधे साधन केले. सहा इंच लांबीचा, एक कड अगदी सरळ केलेला सागाचा ठोकळा घेतला, त्याच्या मधोमध आरपार छिद्र पाडले आणि त्यात पेन्सिल घट्ट बसवली. दोरी चढवलेल्या धनुष्याचे पोट अंतर्गोल असते, त्यामुळे ठोकळा पोटावर टेकवला की दोन टोके टेकतात आणि मध्ये फट राहते. जिथे भुजा सर्वांत जास्त वाकते तिथे फट सर्वांत मोठी असते. पेन्सिलीचे टोक त्या सर्वांत मोठ्या फटीपेक्षा अगदी किंचित कमी बाहेर काढायचे आणि ठोकळा मुठीच्या उतारापासून टोकाकडे सरकवत न्यायचा. नीट वाकणाऱ्या जागी पेन्सिल टेकत नाही. जिथे भुजा ताठ आहे तिथे ती रेघ ओढते. डोळा ज्या जागेवरून सहज पुढे जातो, तिथे ही रेघ थांबवते.

वरच्या भुजेवर रेघ चौथ्या खुणेपासून सातव्या खुणेपर्यंत, म्हणजे भुजेच्या जवळजवळ मध्यावर, सलग उमटली. तिथली सहा इंच जागा काहीच काम करत नव्हती आणि तिच्या वाट्याचा बाक तिच्या दोन्ही बाजूंच्या लाकडाला सोसावा लागत होता. स्क्रेपर फक्त रेघेवर चालवला. रेघ गेली की भुजा वाकवली, ठोकळा पुन्हा फिरवला, तेव्हा रेघ आखूड होऊन दोन तुकड्यांत आली, तीही काढली. शेवटी पेन्सिल कुठेच टेकेना. हे काम सुरू असताना मी काट्याकडे पाहिलेसुद्धा नाही, आणि माझ्या मते ताण कमी करण्याच्या कामाचा गाभा इथेच आहे : आधी ताठ जागा शोधायची, लाकूड तिथून काढायचे आणि पाउंड किती उतरले हे नंतर पाहायचे. भुजेतील आळशी जागेचे लाकूड काढले तर धनुष्याचे काहीच जात नाही. आधीच जास्त वाकणाऱ्या जागेचे काढले तर तिथे आणखी बाक पडतो आणि पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या उमटू लागतात, ज्या पुढे कशानेही भरून निघत नाहीत.

संध्याकाळी १७.२ किलो, म्हणजे ३८ पाउंड. दोरीपासूनची अंतरे : वर १६५, खाली १६४.

२५ नोव्हेंबर, सोमवार

दोरी उतरवल्यानंतर लगेच धनुष्यात उरलेला बाक ४० मिलिमीटर भरला होता. रात्रभर आडवे ठेवल्यावर सकाळी तो ३२ आहे. कामाला सुरुवात करण्यापूर्वीही एवढाच होता, म्हणजे या कामात लाकडावर नवा भार आलेला नाही.

१ डिसेंबर, रविवार

खालच्या भुजेवर टोकापासून दहा इंचांवर टाचणीच्या डोक्याएवढी एक गाठ आहे. गाठीभोवती तंतू वळून जातात, त्यामुळे तिथे जाडी थोडी जास्त राखावी लागते. पोटावर गाठीच्या वर-खाली बोटभर जागा पेन्सिलीने घेरली आणि त्या घेऱ्यात स्क्रेपर नेला नाही. ठोकळ्याची पेन्सिल तिथे रेघ ओढते आणि ती तशीच राहू द्यायची आहे. साधन जे दाखवते ते सर्व काढून टाकायचेच असते असे नाही. लाकूड पाहून निर्णय घ्यावा लागतो.

बाकी खालच्या भुजेवर एकच हलका हात दिला. ताण जेमतेम उतरला.

८ डिसेंबर, रविवार

टोके अरुंद केली. शेवटच्या सात इंचांत रुंदी १४ वरून हळूहळू कमी करत खाचेपाशी १० मिलिमीटर केली, पोटाची जाडी तशीच ठेवली. टोकांकडे भुजा फारशी वाकत नाही, त्यामुळे तिथली रुंदी घटवल्याने लाकडाचे कष्ट वाढत नाहीत. वजन मात्र कमी होते आणि दोरी सोडल्यावर सर्वांत वेगाने धावणारा भाग तोच असल्यामुळे बाणाला त्याचा लाभ मिळतो. ताण कमी झालेले धनुष्य मंद पडू नये यासाठी हा उपाय मला सर्वांत चांगला वाटतो. कानस दोन्ही कडांवर समान चालवावी लागते, नाहीतर दोरी मुठीच्या मध्यावरून न जाता एका बाजूला सरकते. दोरी चढवून टोकाकडून पाहिले. ती दोन्ही भुजांच्या मधोमध आहे.

त्यानंतर वरच्या भुजेवर स्क्रेपरचे काही हात. २६ इंचांवर १६.३ किलो, म्हणजे ३६ पाउंड. अंतरे : वर १६६, खाली १६२. चार मिलिमीटरचा फरक, जो हवा होता तोच. आता स्क्रेपर बंद. उरलेले दोन पाउंड पॉलिश पेपर आणि सराव यांच्यासाठी राखून ठेवले आहेत. दोन्ही मिळून ते नक्की घेतात.

१५ डिसेंबर, रविवार

आधी १२० आणि नंतर २२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून वापरला. स्क्रेपरने पोटावर उठलेल्या लहान लाटा आडव्या उजेडात दिसतात. प्रत्येक लाट म्हणजे एक जाड आणि एक पातळ रेघ, त्यामुळे त्या केवळ दिसण्यासाठी काढायच्या नसतात. चारही कडा गोल केल्या, कारण टोकदार कडेवरच कपची आधी उठते.

पाठ तपासण्यासाठी कापसाचा बोळा घेऊन तो दोरी चढवलेल्या धनुष्याच्या पाठीवरून मुठीपासून टोकाकडे आणि टोकाकडून मुठीकडे हलकेच फिरवला. उठलेला एखादा तंतू डोळ्यांना दिसत नाही, पण कापसाचा धागा त्याला अडकतो. वरच्या भुजेच्या कडेला एका जागी कापूस अडकला; भिंगातून पाहिले तर तिथे केवळ पॉलिश पेपरने निघालेला केसाएवढा तंतू होता, वलय अखंड होते. कड जराशी अधिक गोल केली आणि बोळा पुन्हा फिरवला, तेव्हा तो सरळ निघून गेला.

१५.९ किलो, ३५ पाउंड.

१९ डिसेंबर, गुरुवार

हिवाळी अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सकडची वाहतूक वळवलेली असल्याने इतवारीहून चपडा (रोगणासाठीची शुद्ध लाख) आणायला उशीर झाला. स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ थर देत आहे. जवसाचे तेल आपल्या भागात सहज मिळते आणि लाकडाला रंगही सुंदर देते, परंतु हवेतील वाफ रोखण्यात चपडा पुष्कळ सरस आहे आणि विदर्भातल्या पावसाळ्यात या धनुष्याला त्याचीच गरज पडणार आहे. प्रत्येक थर वाळू देऊन मगच पुढचा द्यावा. घाई केल्यास वरचा थर चिकट राहतो.

२२ डिसेंबर, रविवार

धनुष्य हलके झाले म्हणजे त्याचे जुने बाण निरुपयोगी झाले, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ५० पाउंडांसाठी निवडलेला बाण ३५ पाउंडांच्या धनुष्यासाठी फार ताठ ठरतो. सुटताना तो मुठीभोवती पुरेसा वाकत नाही आणि उजव्या हाताने खेचणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. मग दोष नेमबाजाच्या हाताला दिला जातो.

लाकडी बाणदांड्याचा ताठपणा मोजण्याची रीत सोपी आहे. दांडा २६ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवायचा, मध्यावर दोन पाउंड, म्हणजे ९०७ ग्रॅम वजन टांगायचे आणि तो किती इंच खाली वाकतो ते मोजायचे. २६ ला त्या आकड्याने भागले की दांडा किती पाउंडांच्या धनुष्याला जुळतो ते कळते. जुने दांडे सुमारे १३ मिलिमीटर वाकतात, म्हणजे ते ५० पाउंडांचेच आहेत. ३४ पाउंडांसाठी दांडा साडेएकोणीस मिलिमीटर वाकला पाहिजे. जुने दांडे पॉलिश पेपरने पातळ करता आले असते, पण ते माझ्याच वापरासाठी ठेवले आणि भाचीसाठी नवे निवडले. निवडताना प्रत्येक दांडा आधारांवर फिरवून दोन बाजूंनी मोजला, कारण वलयांच्या दिशेनुसार आकडा बदलतो. एकमेकांशी जुळणारे तेवढे ठेवले, बाकीचे बाजूला काढले. पूर्ण बाण २० ग्रॅमपेक्षा हलका होऊ द्यायचा नाही, असे ठरवले आहे. फार हलका बाण धनुष्याची सगळी शक्ती घेऊन जात नाही आणि उरलेला धक्का भुजांना बसतो.

२९ डिसेंबर, रविवार

आठवडाभर भाचीने दररोज सकाळी या धनुष्याने बाण सोडले. पहिल्या दिवशी तिला १० मीटरवरच थांबवले आणि दोरी पूर्ण न खेचता सोडायला सांगितले. नंतर रोज थोडी खेच वाढवत नेली. आज २० मीटरवर तिची दोरी हनुवटीला टेकली, खांदा खाली राहिला आणि ती तिथे क्षणभर स्थिर थांबूनच बाण सोडत होती. नवे बाण लक्ष्याच्या मध्याभोवती पडत आहेत, डावीकडे झुकत नाहीत. धनुष्याचा आवाजही पूर्वीपेक्षा मंद आहे.

२६ इंचांवर १५.६ किलो, म्हणजे साधारण साडेचौतीस पाउंड. आर्द्रता ४१ टक्के. अंतरे : वर १६६, खाली १६२, बदल नाही. पोटावर सुरकुत्या नाहीत, पाठीवर कापूस अडकत नाही. दोरी उतरवल्यानंतर लगेच बाक ३८ मिलिमीटर.

उरलेला अर्धा पाउंड मुद्दाम काढलेला नाही. हा आकडा हिवाळ्याच्या कोरड्या हवेतला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तो आणखी खाली येईल आणि तेव्हा धनुष्य ३४ च्या फार खाली जाऊ नये. भाचीला तीन गोष्टी सांगितल्या आहेत : दोरी चढवताना नेहमी स्ट्रिंगर (त्यासाठीचा मदतीचा दोर) वापरायचा, सराव संपला की दोरी लगेच उतरवायची आणि बाण न लावता दोरी कधीही सोडायची नाही. उन्हाळ्यात धनुष्य गच्चीवरच्या खोलीत ठेवायचे नाही, खालच्या मजल्यावर आडव्या खुंट्यांवर ठेवायचे. पुढचे मोजमाप मे महिन्यात आणि त्यानंतर ऑगस्टमध्ये, त्याच काट्यावर, त्याच दोरीने आणि शेजारी आर्द्रतेचा आकडा लिहून घ्यायचे आहे.